अख्तरबानोच्या बंदूकपेट्या

लाकडी पेटी विकणारा दुसरा कुणी असता तर त्याने पेटी किती मजबूत आहे ते तोंडाने सांगितलं असतं. अख्तरबानो तोंडाने सांगतेच, आणि तिचं तोंड काही लहान नाही. पण सांगून झालं की ती सरळ पेटीवर बसते. एकटी नाही. गिऱ्हाइकाला हाताला धरून शेजारी बसवते, आणि गिऱ्हाईक लाजून कडेला टेकलं तर म्हणते, "नीट बठा. पेटी शे, विंचू नही!"

अशा रीतीने तिने तळोद्याच्या आणि धानोऱ्याच्या बाजारात आयुष्यभर पेट्या विकल्या. त्या पेट्या लग्नाच्या. नवरीचे कपडे, भांडी, चांदी, सगळं ज्यात भरून सासरी जायचं ती सागाची किंवा शिवणीची पेटी. ती करायचा तिचा नवरा, गफूर. नंदुरबारात त्यांच्या गल्लीत गफूरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्यांचं घर. गफूर इतका कमी बोलतो, की नवीन गिऱ्हाइकाला तो मुका वाटतो आणि जुन्याला रागावलेला. दोन्ही खोटं. त्याला वाटतं, घरात एकजण बोलतंय ना, मग पुरे.

या घरात एक पद्धत होती, गफूरच्या आईपासून चालत आलेली. पेटी रिकामी द्यायची नाही. लाल कापडाच्या तुकड्यात मूठभर गहू आणि गुळाचा खडा बांधायचा आणि ती पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेवून मगच झाकण लावायचं. सासूने ते काम सुनेला दिलं आणि सुनेने ते कधी चुकवलं नाही. ताप असला तरी उठून बांधायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवायची आणि वरून ऐकवायची, "खाली पेटी कशी धाडू? ती काय उपाशी जाई का सासरले?"

पुढे लोखंडी कपाटं आली आणि त्यांनी पेट्यांना दाराबाहेर काढलं. मग चाकांच्या बॅगा आल्या. आठवड्याला दोन पेट्या जायच्या तिथे दोन महिन्यांत एक जाईना. गफूर शेडमध्ये बसून पाट, पोळपाट, देवघरं, कुणाची मोडकी खुर्ची असलं काहीबाही करत राहिला. त्यांचा मुलगा जाहिद सुरतला एका फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूड कापतो. पोरगा गुणाचा. तो म्हणाला, अब्बा, आता हातही दुखतात तुमचे, या इकडे. गफूरने नाही म्हटलं नाही, म्हणजे झालंच.

अख्तरबानोला मात्र हे मुळीच पटलं नाही. ती एकदा आठ दिवस सुरतेला राहून आली होती. तिसरा मजला, जिन्यात काळोख, शेजारच्यांची दारं बंद. सून चांगली, नातवंडं गोड, पण दिवसभर बोलायचं कुणाशी? आणि विकायचं काय? परत आल्यावर तिने गल्लीत जाहीर करून टाकलं, "तठे भीतले सांगाले जावं ते भीत बी प्लायवूडनी!" सगळे हसले. ती हसली नाही. आपण तिथे गेलो तर वर्षभरात वाळून जाऊ, असं तिला खरोखर वाटत होतं, आणि गफूर तिच्याआधी जाईल असंही वाटत होतं. लाकडाच्या भुशाशिवाय हा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता.

सगळं अडकलं होतं ते रंधा मशीनवर. फळ्या तासायचं ते जुनं, बिडाचं, अवजड यंत्र गफूरने उमेदीत आणलेलं. ते शेडच्या मधोमध जमिनीत बोल्टांनी पक्कं केलेलं होतं. त्याचा आवाज थांबला की गल्लीतल्या बायका विचारायच्या, आज गफूरभाई आजारी आहे का? तळोद्याचा मोतीलाल, जुनी यंत्रं घेणारा-विकणारा, त्याच्यावर केव्हाचा डोळा ठेवून होता. मशीन गेलं की दुकान गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी ते विकायचा विषय काढत नव्हतं.

तशात एके दिवशी रनाळ्याचा दिलवरसिंग मोटारसायकलवर बंदूक बांधून दारात येऊन उभा राहिला.

दिलवरसिंगला सगळे बापू म्हणतात. पपईची बागायत, पन्नाशी उलटलेली, मिशा राखलेल्या. नाशिकच्या मेहुण्याने एका दिवाळीत त्याला नेमबाजीच्या रेंजवर नेलं आणि तेव्हापासून बापूला छऱ्याच्या बंदुकीचं वेड लागलं. गावाला आधी वाटलं, पपईवरची वानरं हाकलायला घेतली असेल. पण वानरं डोळ्यादेखत पपया खायची आणि बापू गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदातल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून बसलेला असायचा. बापूची बायको अजूनही हे माहेरी सांगत नाही.

"गफूरभाई," बापू म्हणाला, "हाई मन्ही बंदूक. प्लास्टिकनी पेटी रस्तामा फुटी गयी. इले एक चांगली पेटी करी द्या."

गफूरने बंदूक हातात घेतली, तोलली, खाली ठेवली. अख्तरबानो कमरेवर हात ठेवून बघत होती. "पेटी करूत ना बापू," ती म्हणाली, "पन लगीन कोनासंगे शे इनं?"

गफूरने ती पेटी शिवणीची केली. शिवण हलकी, आणि एकदा वाळली की वाकत नाही. म्हणून डोंगरातले लोक होळीचे ढोल तिचे करतात. त्याने बंदूक फळीवर आडवी ठेवून पेन्सिल फिरवली, तेवढाच आकार कोरून काढला आणि आत हिरवा नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवला. बंदूक त्यात ठेवली की बाळ पाळण्यात झोपावं तशी झोपायची. झाकण त्याने लग्नाच्या पेटीसारखंच बसवलं. वरून सोडलं तर आपटत नाही. आतली हवा हळूच निघत जाते आणि झाकण सावकाश, लहानसा सुस्कारा टाकत खाली येतं. बापूने ते चारदा उघडलं, चारदा मिटलं, आणि पेटी घेऊन थेट नाशिक गाठलं.

रेंजवर बापूचा नेम कुणी बघितला नाही. सगळे पेटी बघत बसले. आठवड्याभरात क्लबमधून फोन आला, अशाच डझनभर पेट्या पाठवा. प्रत्येकाने आपापल्या बंदुकीचा कागदावर काढलेला आकार बापूच्या हाती दिला. गफूरचं रंधा मशीन सकाळी सुरू व्हायचं ते अंधार पडेस्तोवर. अख्तरबानो गल्लीत अशी चालायची, जणू सरपंचाची निवडणूक जिंकली आहे. जाहिदला तिने फोनवर सांगितलं, तुझा तिसरा मजला तुलाच लखलाभ, पोरा.

आणि मग ते झालं. पेट्या बांधायच्या दिवशी अख्तरबानोने प्रत्येक पेटीत गहू-गुळाची पुरचुंडी ठेवली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. पेटी ती पेटी. बापूच्या पेटीतही तिने ठेवली होती. पण बापू इथलाच, त्याने वाटेतच गूळ तोंडात टाकला आणि गहू कबुतरांना घातले. नाशिकच्या लोकांना यातलं काय माहीत? बंदुकीच्या विकतच्या पेटीत ओल शोषून घेणारी एक लहान पुडी असते, तिला कुणी हात लावत नाही. हीही तसलीच, गावाकडची काहीतरी असेल, असं समजून प्रत्येकाने लाल पुरचुंडी जिथल्या तिथे राहू दिली. वर बंदूक ठेवली. पेटी गाडीच्या डिकीत. महिना मे.

गूळ वितळला. मुंग्यांना पत्ता सांगावा लागत नाही. आणि त्यातही नशीब असं, की सगळ्यात मोठा तमाशा झाला तो निर्मलाबाईंच्या बाबतीत. निर्मलाबाई म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, क्लबमधल्या सगळ्यात जुन्या नेमबाज. त्यांनी हाक मारली की क्लबचे चिटणीससुद्धा खुर्चीतून उठतात. क्लबच्या सामन्यात, सगळे बघत असताना, त्यांनी बंदूक खांद्याला लावली, तिच्या दस्त्यावर गाल टेकला, श्वास रोखला, आणि नेम झाल्यावर गाल उचलायला गेल्या तर गाल निघेना. तेवढ्यात बाहीतून मुंग्या वर चढल्या. पुढे काय झालं ते बापूने कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "भाभी, मी भिंतकडे तोंड करी लिधं."

सगळ्या पेट्या परत न्या, असा निरोप आला. नेमबाजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिकट बंदुकीचा फोटो गावोगाव फिरला. अख्तरबानोने तो बापूच्या फोनवर पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या हाताची लाज वाटली. चूक गफूरची असती तर तिने सहन केलं असतं, चार शब्द बोलून मोकळी झाली असती. पण त्याच्या हातून तर उभ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी कामं झाली होती, आणि तिने त्यांवर गूळ ओतला होता.

गफूर तिला एका शब्दाने बोलला नाही. रात्री जेवताना फक्त म्हणाला, "आते बस. सुरतले जाऊत." आणि दुसऱ्या दिवशी मोतीलालला निरोप गेला, रविवारी टेम्पो घेऊन ये.

आता अख्तरबानोची गोष्ट इथे संपली असती तर ती अख्तरबानो कसली? नाशिकला शनिवार-रविवार मोठी खुली स्पर्धा होती. पुण्या-जळगावापासून हौशी नेमबाज येणार होते, आणि परत करायच्या पेट्याही तिथेच बापूच्या ताब्यात मिळणार होत्या. शुक्रवारी तिने गफूरकडून नव्या नमद्याचे तुकडे कापून घेतले. कशाला, ते त्याने विचारलं नाही. त्याने ते सगळ्या मापांचे कापून, गुंडाळून, सुतळीने बांधून दिले. शनिवारी पहाटे ती बापूच्या जीपमध्ये बसली, मांडीवर नमद्याची गुंडाळी, पायाशी सरसाचा डबा, आणि मागे दोन नव्या पेट्या.

"मी काही बोलनार नही, भाभी," बापूने धुळ्याच्या पुढे सांगून टाकलं.

"नका बोलू. माले येस ना बोलता."

रेंजच्या मोठ्या दालनात शिरल्याबरोबर तिला त्या पेट्या दिसल्या. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या. नांदायला गेलेल्या पोरी माहेरी परत धाडाव्यात, तशा. पण तिथे रडायला ती आली नव्हती. पदर खोचून ती सरळ कोपऱ्यात गेली, वरची पेटी उतरवली, फरशीवर मांडी घातली आणि चिकट नमदा खरवडायला लागली. येणारे-जाणारे थबकून बघत. कुणी ओळखलं, कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. ती मान वर न करता खरवडत राहिली.

थोड्या वेळाने समोर दोन काळे बूट येऊन थांबले. वर निर्मलाबाई होत्या.

"या पेट्या तुमच्या?"

"मन्ह्याच, ताई. गूळ बी मन्हाच," अख्तरबानो म्हणाली. "मन्हा मालकनी काही चूक नही. त्यानी फक्त पेटी कयी."

"माझा गाल चिकटला, बाई. सगळ्यांसमोर."

"माले माहीत शे. त्यानाकरताच उनी. फोनवर माफी मांगाले लाज वाटनी." तिने हातातला खरवडायचा पत्रा खाली ठेवला. "ताई, आमनाकडे पेटी म्हंजे पोर. पोरले खाली हातनी कोन धाडस? पन बंदूक काही सासरले नही जास, हाई मन्हा ध्यानमाच उनं नही."

निर्मलाबाई हसल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत. कुणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली आणि त्या बसून बघू लागल्या. अख्तरबानोने जुना नमदा काढला, ओल्या फडक्याने लाकूड पुसलं, सरस लावला आणि गफूरने कापून दिलेला तुकडा तळहाताने दाबत बसवला. तो तंतोतंत बसला. एक पेटी झाली, दुसरी झाली. हात चालले की तिचं तोंडही चालतंच. शिवणीचं लाकूड कुठलं, डोंगरातले ढोल कसले, बापू वानरांना सोडून कागदावर कसा गोळ्या झाडतो, सगळं ती सांगत सुटली. बापू लाल झाला. लोक जवळ सरकले. त्यांतले कैकजण अहिराणी पहिल्यांदा ऐकत होते, पण हसायचं कुठे ते बरोबर कळत होतं.

मग चिटणीसांनी, तसा माणूस बरा पण वजनदार, विचारलं, "बाई, पण या लाकडी पेट्या प्रवासात टिकतील का?"

बापूने डोळे मिटले. त्याला पुढचं माहीत होतं.

अख्तरबानो उठली, नवी पेटी दालनाच्या मधोमध ठेवली आणि वर जाऊन बसली. शेजारी थाप मारली. "या, बठा."

"अहो, नको नको..."

"घाबरू नका. तुमनं वजन माले देखाई ऱ्हायनं, पेटीले बी देखाई ऱ्हायनं. ती तयार शे."

चिटणीस बसले. पेटी कुरकुरलीसुद्धा नाही. तिने तिसऱ्यालाही बसवलं, पुण्याचा एक उंच डॉक्टर होता तो. मग तिने सभोवती नजर फिरवली आणि सगळ्यांच्या हातांतल्या काळ्या प्लास्टिकच्या पेट्यांकडे बोट केलं. "आते तुम्हनामाईन एक आना. तिनावर बी बठूत."

एकही पेटी पुढे आली नाही. उलट दोघांनी आपली पाठीमागे लपवली. दालन असं हसलं, की बाजूच्या रेंजवरून कुणीतरी ओरडलं, शांतता ठेवा.

त्या हशातच निर्मलाबाई खुर्चीवरून उठल्या. आपली दुरुस्त झालेली पेटी त्यांनी टेबलावर घेतली. बंदूक आत ठेवली. झाकण उचललं आणि सोडून दिलं. झाकण सावकाश, सुस्कारा टाकत खाली आलं. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. सगळे आता त्यांच्याकडे बघत होते, कारण बाई काय म्हणतात त्यावर बाकीच्यांचं ठरणार होतं. या बाईने नकाराची मान हलवली तर परतीची वाट सुरतेची आहे, हे अख्तरबानोला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"ही मी ठेवते आहे," निर्मलाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या पिस्तुलासाठी एक लहान करा. गूळ द्यायचाच असेल तर बाहेर, मुठीला बांधून द्या. आत नको." मग थांबून म्हणाल्या, "पण द्या."

त्यानंतर अख्तरबानोला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. कोपऱ्यातल्या सगळ्या पेट्या आपापल्या मालकांनी उचलून नेल्या. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी त्या दोन नव्या पेट्यांवरून आपसात वाद घातला. पुण्याचा डॉक्टर आपली बंदूक फरशीवर ठेवून तिचा आकार काढायला लागला आणि त्याच्यामागे रांग लागली. बोलणार नाही म्हणालेला बापू सगळ्यांना सांगत फिरत होता, "पहिली पेटी मन्ही शे, बरं का!"

रात्री दोघं बापूच्या मेहुण्याकडे उतरली. पेट्यांच्या गप्पा सांगतच अख्तरबानो झोपली, आणि पहाटे दचकून उठली. रविवार! घरात फोन एकच, आणि तो तिच्या पिशवीत. बापू म्हणाला, शेजारी कुणाला तरी फोन करू, मोतीलालला थांबवतील. ती नको म्हणाली. इतक्या वर्षांत गफूरला सांगण्यासारखं मोठं असं काही घडलं होतं ते आज, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याने ऐकायचं? तिचा हट्ट तिला घाटापर्यंत पुरला. पुढे जीप पंक्चर झाली, स्टेपनीतही हवा नव्हती, आणि ती रस्त्याच्या कडेला बसून स्वतःलाच शिव्या घालायला लागली. मग मात्र तिने फोन लावला. शेजारीण लग्नाला गेलेली. दुसऱ्या घरी कुणी उचलला नाही. मशीन गेलं असेल, मोतीलाल त्याचे तुकडे करून विकेल, आणि आपण ऑर्डरी घेऊन गफूरसमोर उभं राहायचं ते कोणत्या तोंडाने?

जीप गल्लीत वळली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दारात टेम्पो उभा होता.

ती जीप थांबायच्या आधीच उतरली. टेम्पोत डोकावली. रिकामा. शेडमध्ये मोतीलाल लाल चेहऱ्याने बाकड्यावर बसला होता, पुढ्यात चहाचे रिकामे कप. तिला पाहताच तो कावला, "बरं झालं उनी भाभी! सकायपासून बठेल शे मी. हाऊ गफूरभाई पाना धुंडी ऱ्हायना, धुंडी ऱ्हायना, सापडस नही. मी टेम्पोमाईन मन्हा पाना दिधा, ते म्हने तो या बोल्टले लागत नही."

गफूर मशीनपाशी उकिडवा बसला होता. ती जवळ गेली. चारही बोल्ट जिथल्या तिथे होते. एकालाही धक्का लागला नव्हता. वरचा भुसासुद्धा हललेला नव्हता.

गफूरने मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं. बाजाराहून परतणाऱ्या या चेहऱ्याला तो आयुष्यभर बघत आला होता. तो उठला, गुडघे झटकले, मोतीलालकडे वळला आणि म्हणाला, "शेठ, मशीन देवानं नही. टेम्पो खालीच लई जा." मग सदऱ्याच्या खिशात हात घालून त्याने पाना काढला आणि फळीवर ठेवला.

मोतीलाल काय काय बोलला ते अख्तरबानोला ऐकू आलं नाही. हा माणूस सुरतले जाऊत म्हणाला होता, मोतीलालला निरोप यानेच धाडला होता, आणि हाच दिवसभर खिशात पाना घेऊन तो शोधत बसला होता. तिच्या भरवशावर. ज्या हाताने तिने गूळ ठेवला त्या हाताच्या भरवशावर.

"कितल्या पेट्या?" गफूरने विचारलं.

तिने सांगायला तोंड उघडलं. वाटेत हजारदा घोकलेलं सगळं होतं, निर्मलाबाई, चिटणीस, डॉक्टर, रांग. एक शब्द फुटला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र घळघळा वाहायला लागलं, आणि तिने दोन्ही हात पसरून, एवढ्या, एवढ्या, असं त्याला दाखवलं.

गफूरने मान डोलावली आणि मशीनचं बटण दाबलं.